बिनमाईकचा दौरा

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "सातारा-सांगलीत काय काय पाहिलंत?" सत्कार पाहिले! शाली पाहिल्या, नारळ पाहिले, फेटे बांधायला उशीर झाला म्हणून ताटकळणारे सरपंच पाहिले. किल्ले, धरणं, पवनचक्क्या यांची वर्णनं हवी असतील तर दुसऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचा. मी गाडीत मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा धरून बसले होते, मला खिडकीतून अर्धंच जग दिसलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या विद्यापीठाच्या संगीत विभागात मी एक वृंद काढला, जुन्या गाण्याचा. ख्याल आणि नाट्यगीतांच्याही आधीचं, ध्रुपद-प्रबंधांचं गाणं जुन्या वाद्यांवर, जुन्या पट्टीत, जुन्या संथपणानं करायचं. खोली मिळाली ती कॅंटीनच्या मागची, त्यामुळे पहिलं वर्षभर आम्ही भज्यांच्या वासात आलापी केली. पहिल्या मैफलीला जे मोजके श्रोते शेवटपर्यंत थांबले त्यांत एक वॉचमन होता. त्याला कुलूप लावायचं होतं.

आम्ही चौघं. मी गाते आणि सगळ्यांवर चिडते. पखवाजाला आप्पा. आमच्याच विभागातून साथीदार म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, पथ्याचे आणि तितक्याच कुरकुरीचे. सारंगीला इरफान, मूळचा मिरजेचा, आता आमच्याकडे संशोधन करतो. त्याच्या सारंगीला आतड्याच्या तारा आहेत, त्यांना तात म्हणतात. हवा बदलली की तात रुसते, त्यामुळे इरफानचं निम्मं आयुष्य तिची समजूत काढण्यात जातं. आणि तंबोऱ्यावर मुग्धा, आमची विद्यार्थिनी.

वृंदाचा एकच नियम, तो मी पहिल्याच दिवशी केला: माईक लावायचा नाही. ज्या काळातलं हे गाणं, त्या काळात आवाज माणसाच्या छातीतून निघायचा आणि सरळ समोरच्याच्या कानात शिरायचा. मध्ये तारा नाहीत, खोके नाहीत, "हॅलो चेक" नाही. लोकांनी कान टवकारावेत, जरा पुढे सरकून बसावं, एवढी तरी अपेक्षा गाणाऱ्यानं करू नये का?

करू नये, असं लोकांचं मत पडलं. तीन वर्षांत आम्हाला एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. एकदा बोलावायचे, कौतुक करायचे, आणि मग फोन उचलायचे नाहीत. शेवटी आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, एक तरी दुसरं आमंत्रण आणा. एकच. नाहीतर जूनपासून ती खोली मी हार्मोनियमच्या सर्टिफिकेट कोर्सला देतो." वर म्हणाले, "माईक लावला असता तर ही वेळ आली नसती." हे वाक्य ते मला दर आठवड्याला ऐकवतात.

तर हा दौरा त्या एका आमंत्रणासाठी होता. खंडाळा, पाटण तालुक्यातलं एक गाव आणि शेवटी सांगलीजवळ कुपवाड. कुपवाडला प्रमुख स्वतः यायचे होते, निकाल जाहीर करायला.

खंडाळा

गाडी निघाली आणि कळलं की मुग्धानं स्वेटर आणलाय. "खंडाळ्याला गारवा असेल ना मॅडम?" अगं बाई, तो लोणावळ्याचा खंडाळा! हा साताऱ्याचा, खंबाटकीच्या पायथ्याचा. इथे चैत्रात डांबर मऊ होतं. तो स्वेटर पुढे सारंगीला गुंडाळायला उपयोगी पडला, तेवढं त्याचं पुण्य.

कार्यक्रम एका महाविद्यालयाच्या सभागृहात होता. सभागृह नवं, छान, आणि छताला जे पंखे होते ते विमानासारखे. चालू केले की सारंगी बोलते आहे की नाही ते इरफानलाच कळेना. मी म्हटलं, पंखे बंद करा.

प्राचार्यांना वाटलं मी विनोद करते आहे. "मॅडम, एप्रिल आहे."

"माईक लावणार नाही म्हटल्यावर पंखे बंद करावेच लागतील."

"मग माईक लावा!"

"ते शक्य नाही."

"मॅडम," ते घाम पुसत म्हणाले, "जुन्या काळी लोक उकाड्यात बसत असतील. आमची पोरं बसायची नाहीत."

आधी सत्कार झाला. पाहुण्यांचा, पाहुण्यांच्या पाहुण्यांचा, ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचा. तेवढ्यात दोन्ही तंबोऱ्यांचे सूर उतरले आणि तात ढिली पडून रडायला लागली. मग आम्ही गायलो. पहिली आलापी संपेपर्यंत मुलं निमंत्रणपत्रिकेनं वारा घेत होती, दुसरी सुरू झाली तेव्हा मागचं दार सारखं कुईकुई वाजायला लागलं, आणि संपल्यावर जे उरले त्यांच्यात प्राचार्य आणि एक झोपलेले गृहस्थ होते. आप्पा पखवाज झाकता झाकता म्हणाले, "एक बरं झालं, त्यांची झोप मोडली नाही."

निघताना प्राचार्यांनी हात जोडले. "या पुन्हा," असं म्हणायची रीत आहे. तेही ते म्हणाले नाहीत.

पाटणच्या पुढे

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर सुभेदारांचा फोन येईल आणि तो तासाभराच्या आत संपणार नाही.

सुभेदार निकम. फौजेतून निवृत्त, मिशी अजून नोकरीतच. त्यांची मुलगी आमच्या विभागात शिकून गेली होती. यंदा जत्रेला डीजे नको, तमाशा नको, "कायतरी कल्चरल" हवं असं ठरलं आणि मुलीनं आमचं नाव सुचवलं. उंब्रजला हायवे सोडून गाडी आत वळली आणि माझी चिडचिड पहिल्यांदा जरा निवळली. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, ऊस मागे पडतो, करवंदांच्या जाळ्या सुरू होतात. पुण्यात आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत. चहा येतो, मग पोहे येतात, मग जेवणाचं ताट येतं, आणि तुम्ही नको म्हटलं की तुमची तब्येत विचारतात.

पुरणपोळी, कटाची आमटी, वर दुधाचं पातेलं. आप्पांनी पथ्य सांगितलं. सुभेदारांच्या घरातल्या बायकांनी ते नीट ऐकून घेतलं आणि त्यांना चौथी पोळी वाढली.

"आप्पा, खाऊ नका हो. वाजवायचंय."

"अन्नाचा अपमान करू का?" आप्पा म्हणाले आणि दूध ओतून घेतलं.

जेवून देवळापुढच्या मांडवात जाते तो काय, एका टेम्पोतून काळे खोके उतरवणं चाललेलं! एकावर एक, कपाटाएवढे. उतरवणारा चाळिशीचा, गळ्यात टॉवेल, कपाळाला गुलाल. हा बबलू. पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नांचा, जत्रांचा आणि निवडणुकांचा आवाज ह्याच्या टेम्पोतून निघतो.

मी म्हटलं, "अहो, हे काय? आम्हाला माईक नकोय. सुभेदारांना फोनवर सांगितलं होतं."

बबलूनं खोका खाली ठेवला. "पैशाचं म्हणताय व्हय? आवं मॅडम, तुमच्याकडनं घेतंय कोण? गावाचं काम हाय."

"पैशाचा प्रश्न नाही. आमचं गाणंच बिनमाईकचं असतं."

"बिनमाईकचं?" त्यानं सुभेदारांकडं पाहिलं. "आवं, पर गावात कार्यक्रम हाय आन् माईक न्हाई, तर मानसं काय म्हनतील? गाव काय एवढं फाटकं झालं का?"

"समोर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल. माझी जबाबदारी."

"म्होरं बसल्यालं ऐकतील ओ. ते काय, कसंबी ऐकतील. जे आलं न्हाईत त्येंचं काय?"

मी म्हटलं, "जे आले नाहीत त्यांना ऐकायचं नाही, म्हणूनच तर आले नाहीत ना!"

बबलू माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. सुभेदार खाकरले आणि म्हणाले, "बबलू, मॅडमचा ऑर्डर हाय. खोकी माघारी." खोकी टेम्पोत परत गेली. मी जिंकले. उभ्या दौऱ्यात मी जिंकलेली ही एकमेव लढाई, असं मी त्या वेळी समजत होते.

ऊन उतरल्यावर लोक जमायला लागले. बायका एका बाजूला, टोप्या-फेटे एका बाजूला, माजी सैनिक पहिल्या ओळीत पाठ ताठ करून. आम्ही बैठक मांडली. माझ्यापुढे पितळेची मोठी समई होती, झेंडूच्या माळांनी वरपासून खालपर्यंत मढवलेली आणि माझ्या इतक्या जवळ की तेलाचा धूर नाकात जावा.

"ही जरा लांब सरकवा," मी म्हटलं.

बबलू धावत आला. "ऱ्हाऊ द्या मॅडम. देवाची हाय. हलवायची नसती."

देवाची म्हटल्यावर समई राहिली तिथेच. मी कपाळाला हात लावला आणि आप्पांकडं वळून हळूच म्हटलं, "आप्पा, आता ढेकर देऊ नका, मेहरबानी करा." मग सरपंचांचं भाषण सुरू झालं. ते कोयनेच्या पाण्यापासून निघाले आणि गावच्या रस्त्यापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला. मी इरफानच्या कानात पुटपुटले, "ह्या माणसाला कुणीतरी खाली बसवा रे." इरफान हसू दाबून खुंट्या पिळत राहिला.

आणि मग जे झालं ते खरं सांगते, तीन वर्षांत झालं नव्हतं. आलापीच्या पहिल्या "नोम्"लाच मांडव गप्प झाला. पोरं गप्प, बायका गप्प, कुत्रीसुद्धा गप्प. माझा आवाज कुठे अडत नव्हता. इरफानची सारंगी मधासारखी ओघळत होती. आणि नवल म्हणजे मी ओळ सोडली की क्षणभरानं समोरच्या डोंगरातून तीच ओळ बारीक होऊन परत यायची.

मध्यंतरात आप्पांच्या डोळ्यांत पाणी. "अहो, डोंगरसुद्धा तालात आहे."

इरफान म्हणाला, "मॅडम, हा प्रतिध्वनी जरा विचित्रच आहे. नाकातून आल्यासारखा येतोय."

"डोंगर आहे तो, इरफान! त्याचा आवाज कसा असावा हे तू ठरवणार?"

शेवटी मी दोन शब्द बोलले. दोन कसले, मला आवरलंच नाही. म्हटलं, "आज तुम्ही सिद्ध केलंत की माणसाच्या आवाजाला यंत्राच्या कुबड्या लागत नाहीत! ऐका, हा समोरचा डोंगरसुद्धा साथ देतोय!" मी थांबले. डोंगरातून आलं, "...साथ देतोय." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत सुभेदार बुटांकडं बघत होते. मला वाटलं, माणूस भारावलाय.

मग शाल, मग नारळ, मग फेटा, मग दुसऱ्या दिवशीच्या मटणाचा आग्रह. फक्त "पुढल्या वर्षी या," असं काही कुणी म्हणालं नाही. मी मुग्धाला म्हटलं, "म्हणतील गं. एवढं रंगल्यावर म्हणणारच." सकाळी गाडीत बसेपर्यंत मी वाट पाहिली. सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला, करवंदांची पिशवी दिली आणि म्हणाले, "मॅडम, प्रोग्राम एकदम फिट!" बस्स. एवढंच.

मिरज, जेवणापुरतं

मिरजेला इरफानच्या घरी जेवलो. त्याचे वडील, चुलते, सगळे वाद्यांच्या कामातले. पडवीत भोपळे टांगलेले, लाखेचा वास. तिथे बसून त्यांचं काम बघावं असं फार मनात होतं, पण तेवढ्यात प्रमुखांचा फोन आला आणि माझं जेवण गेलं.

"खंडाळ्याच्या प्राचार्यांनी मला फोन केला होता," प्रमुख म्हणाले. "पंखे बंद केलेत?"

"सर, खंडाळा सोडा. पाटणकडे काय झालं ते ऐका. अख्खं गाव! बिनमाईक! डोंगरातून प्रतिध्वनी!"

"पुन्हा बोलावलं का?"

मी टांगलेले भोपळे मोजायला लागले.

"कुपवाडला तरी माईक लावा," ते म्हणाले.

"मुळीच नाही! आता तर मुळीच नाही!"

इरफानच्या आईनं आप्पांसाठी वेगळ्या भांड्यांत वरणभात आणि वांग्याचं भरीत केलं होतं. आम्हाला खिमा आणि ज्वारीची भाकरी. माझ्या ताटातली भाकरी गार होताना पाहून ती माउली म्हणाली, "बेटा, गाणं राहू दे बाजूला. आधी जेव." मी बेटा म्हणण्याच्या वयाची राहिलेली नाही. डोळ्यांत पाणी आलं, तिखटामुळे असं सांगितलं.

कुपवाड

कुपवाड म्हणजे कारखाने. लहान लहान शेड, पत्र्याची छपरं, रस्त्यावर लोखंडाचा भुसा आणि पाळी सुटली की मोटारसायकलींची रीघ. तिथल्या एका कारखानदारांना संगीताची हौस. दरवर्षी ते आपल्या आवारातल्या हॉलमध्ये कामगारांसाठी कार्यक्रम करतात. भला माणूस. भडंग आणि बेदाणे आधीच समोर आणून ठेवले आणि म्हणाले, "ताई, शेजारी प्रेस चालू असतो. माईक घ्या."

मी त्यांना पाटणची गोष्ट सांगितली. पूर्ण. डोंगरासकट. प्रमुख पहिल्या रांगेत येऊन बसले होते, त्यांनाही ऐकू जाईल अशी सांगितली. कारखानदार म्हणाले, "असं असेल तर मग प्रश्नच नाही."

प्रश्न होता. शेजारच्या शेडमधला प्रेस धाड्‌धाड् पत्रा कापत होता आणि त्याची लय आमच्या चौतालाच्या मुळावर उठलेली. आप्पांनी सुरुवातीला दुर्लक्ष केलं, मग मान झटकली, मग दातओठ खाल्ले, आणि तिसऱ्या आवर्तनाला मी पाहते तो काय, आप्पा समेवर यायच्या ऐवजी प्रेसवर यायला लागलेले! मी मांडीवर थाप मारून सम दाखवते, प्रेस दुसरीच दाखवतो, आणि आप्पा त्याच्या बाजूला. माझा आलाप तिसऱ्या रांगेपर्यंत जाऊन पडत असावा. कामगार हेल्मेट मांडीवर घेऊन बिचारे सभ्यपणे बसले होते. मग एक उठला. बाहेर किक मारल्याचा आवाज. मग दुसरा. मग किकांचाच एक ठेका सुरू झाला. प्रमुख मोबाईल बघत होते.

माझा घसा ताणून ताणून बसला. मी शेवटचं पद अर्धं सोडलं आणि हात जोडले. संपलं. खोली गेली, वृंद गेला. आता जूनपासून भज्यांच्या वासात हार्मोनियम वाजणार. मला रडू यावं की प्रमुखांच्या डोक्यात नारळ घालावा, कळेना. सत्काराचा नारळ तर हाताशीच होता.

प्रमुख उठून आले. चेहरा सांत्वनाचा. "मॅडम, प्रयत्न चांगला होता. पण..."

त्यांचं "पण" पुरं व्हायच्या आत हॉलच्या दारात एक ओळखीचा टॉवेल दिसला. बबलू! त्याच्याबरोबर साठीची एक बाई, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"आलो बगा मॅडम," बबलू म्हणाला. "इथं एक स्पीकर दुरुस्तीला टाकायचा व्हता. वैनींची लेक हितंच कुपवाडात दिल्याली. म्हटलं, चला. ह्या शालनवैनी. सुभेदारांची थोरली भावजय. वरच्या वाडीत असत्यात."

शालनवैनींनी मला वाकून नमस्कार केला, मी नको नको म्हणेपर्यंत. "तुमचं गानं आइकलं. लय बरं वाटलं. तवाच यायचं व्हतं भेटायला, पर घर सोडता यीना."

"कुठे बसला होतात तुम्ही? बायकांच्या बाजूला?"

"न्हाई ओ. आमी वाडीलाच. वड्याच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला. घरात बसूनशान सगळं आइकलं. त्या आज्जांना तुमी ढेकर नगं म्हनालात, ते बी." आप्पांकडं पाहून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "आन् सरपंचाला खाली बसवा म्हनालात. वाडी निस्ती हासतीया अजून."

मी हळूहळू बबलूकडं वळले.

"बबलूभाऊ. वाडी ओढ्यापलीकडे आहे."

"व्हय."

"तिथे माझं कुजबुजणं ऐकू गेलं?"

बबलूनं टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "समईला व्हता, मॅडम. झेंडूच्या आत. वायर सतरंजीखालनं देवळामागं, तिथनं वड्यावरनं वाडीत. दोन कर्णे, त्वांड वाडीकडं. मांडवात येक शबुद बी जाऊ दिला न्हाई. तुमचा शब्द राखला का न्हाई? म्होरल्यांनी बिनमाईकचंच ऐकलं." मग जरा थांबून म्हणाला, "डोंगर म्हनालात, तवा मला लय वंगाळ वाटलं. पर बोलायचं कसं?"

डोंगर! नाकातून बोलणारा डोंगर! इरफाननं मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. मुग्धा उघड हसत होती. आणि प्रमुख, अहो, प्रमुखांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी जन्मात विसरणार नाही. "म्हणजे माईक होता!" ते म्हणाले. "बघा! मी काय म्हणत होतो!"

"सर, तुम्ही एक शब्द बोलू नका," मी ओरडले. "आणि बबलूभाऊ, तुम्ही! माझ्या तोंडासमोर, देवाच्या नावानं खोटं बोललात! देवाची समई म्हणे! काय अधिकार होता तुम्हाला? नाही म्हटलं म्हणजे नाही! जे आले नाहीत त्यांच्यासाठी एवढा आटापिटा कशाला?"

बबलूच्या आधी शालनवैनीच पुढं झाल्या.

"आवं ताई, त्येला नगा बोलू. म्याच सांगितलं व्हतं त्येला. आमच्या मालकांसाठी. ते बी मिल्ट्रीतलंच. दोन वर्सं झाली, अंगावरनं वारं गेलं. खाटंवर हाईत. जत्रंला कसं यायाचं त्येंनी? डीजे लागला की हातरूणात तळमळत्यात, म्हून औंदा भाऊजींनी डीजे बंद केला. त्येंच्यासाठीच तर तुमास्नी बोलावलं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "कायतरी कल्चरल" एवढंच सांगितलं होतं.

"ऐकलं त्यांनी?" मी विचारलं.

"ऐकलं का न्हाई ते कसं कळावं? दोन वर्सं त्वांडातनं शबुद न्हाई. नुसतं बगत्यात. तुमचं गानं चालू व्हतं तवर डोळं मिटून पडल्यालं, मला वाटलं झोप लागली. मग तुमी थांबला. आन् ते डोळं उगडून म्हनालं, 'संपलं?'"

शेजारचा प्रेस चालूच होता.

"येवढंच?" मुग्धानं विचारलं.

"येवढंच. 'संपलं?' मी म्हटलं, न्हाई ओ, येतील परत. म्हून जावंला त्येंच्यापाशी बसवून आले." त्यांनी पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली, माझ्या कपाळाला बोट लावलं आणि नारळ माझ्या ओटीत घातला. "पुनवंला या. गावात न्हाई, आमच्या वाडीत. घराच्या सोप्यात त्येंच्या खाटंला लागून बसा आन् म्हना. जेवायला आमच्याकडंच. आज्जांचं पथ्य सांबाळू."

ह्या दौऱ्यात मला मिळालेला हा शेवटचा नारळ. बाकीचे सगळे मी ड्रायव्हरला देऊन टाकले. हा धरून मी तशीच उभी राहिले. जे आले नाहीत त्यांना ऐकायचं नसतं, असं मी त्या मांडवात किती ठसक्यात बोलले होते! बबलू तेव्हा इतका वेळ का बघत राहिला ते आता कळलं, आणि माझी मलाच चीड आली. आप्पांनी नाक शिंकरलं. प्रमुख खिशातून पेन काढत होते, कशासाठी देव जाणे.

"हे दुसरं आमंत्रण धरायचं का, सर?" इरफाननं विचारलं.

"धरायचं," प्रमुख म्हणाले, आणि पहिल्यांदाच माईकबद्दल काही बोलले नाहीत.

मी नारळ ओटीत सावरला. "येते, वैनी. पण आता तर खाटेजवळच बसायचंय. माईक लागणार नाही, बबलूभाऊ. आता तरी लागणार नाही ना?"

बबलूनं मान हलवली. "न्हाई लागायचा, बराबर हाय." मग पायानं लोखंडाचा भुसा उकरत, चाचरत म्हणाला, "पर मॅडम, कार्यक्रम वर वाडीत, आन् गाव सगळं खाली. खालच्यांनी काय करायचं?"

मी त्याच्याकडं पाहिलं. तीन वर्षांचा नियम तोंडाशी आला होता, चांगला घोटून पाठ केलेला.

"समई मागच्या वेळेएवढीच जवळ ठेवा," मी म्हटलं. "आणि मला काही सांगू नका."